‘मागे राहू का?’ एवढं विचारायचं राहिलं

पत्र: ताई, मी दीड वर्ष सायकलिंग करतोय, आठवड्यातून तीन राइड, बहुतेक एकट्यानेच. गेल्या रविवारी परत येताना समोरून जबरदस्त वारा होता, माझे पाय पार गळाले होते, तेवढ्यात एक सायकलिस्ट मला ओव्हरटेक करून पुढे गेली. छान एकसारख्या स्पीडने चालली होती, मी तिच्या मागे लागलो आणि सहा-सात किलोमीटर तसाच राहिलो. बोललो काहीच नाही, उगाच डिस्टर्ब नको म्हणून. मग ती एकदम कडेला थांबली आणि मी शेजारून जाताना म्हणाली, "केव्हाचे मागे येताय, तोंडाने काही बोलता येत नाही का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मित्र म्हणतात रस्ता सगळ्यांचा आहे, ड्राफ्टिंग (पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवत चालवणं) सगळेच करतात, तिचं काय गेलं? पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. माझं चुकलं का? विचारायचं तर नक्की काय बोलायचं, अंतर किती ठेवायचं, आणि उद्या माझ्याच मागे कोणी असं लागलं तर? ती त्या रस्त्याला नेहमी असते, परत दिसणारच, तेव्हा काय करू?
– मागच्या चाकावरचा

नमस्कार,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे पुढचं सगळं धाकधुकीत वाचायला नको. हो, तुमचं चुकलं. मुद्दाम केलं नाहीत हे मला पटतंय, आणि दीड वर्षात कोणी सांगितलंच नसेल तर कळणार कुठून हेही खरं, पण चुकलं. आणि मित्रांनी "तिचं काय गेलं" म्हणून जिथे विषय मिटवला ना, खरा विषय तिथेच सुरू होतो.

वाऱ्याच्या हिशोबात तिचं खरंच काही गेलं नाही. सपाट रस्त्यावर तीसच्या आसपास स्पीड असेल तर आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि समोरून वारा असेल तर तो आपल्या स्पीडमध्ये मिळवायचा, म्हणजे तुम्ही वीसने जाताय आणि पंधराचा वारा अंगावर येतोय तर हवेच्या लेखी तुम्ही पस्तीसने चाललाय. अशा वेळी कोणाच्या मागे शिरलं की कानातला वाऱ्याचा घोंगाट एकदम बंद होतो, पाय हलके होतात, कोणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटतं. मोजलेलंही आहे हे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलस्वार किती ऑक्सिजन वापरतात ते बघितलं होतं, ताशी ३२ किलोमीटरला एकाच्या मागे राहणाऱ्याला १८ टक्के कमी लागला आणि ४० ला २७ टक्के. पुढे २०१३ मध्ये बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर दोन सायकलींचं गणित मांडलं, त्यात चाकाला चाक लागेल इतक्या जवळ राहिलं तर मागच्याचा हवेचा विरोध सरळ बसलेल्या स्थितीत साधारण २७ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं, आणि गंमत म्हणजे पुढच्यालाही फायदा होतो, अगदी किंचित, एका टक्क्याच्या आतच, कारण त्याच्या पाठीमागे जी पोकळी तयार होते ती मागचा माणूस थोडीशी भरून काढतो.

म्हणजे तुमच्यामुळे तिला एक कणही जास्त जोर लावावा लागला नाही. वारा फुकटच होता. पण तुम्ही तिचं लक्ष घेतलंत, ते फुकट नव्हतं.

एकटा सायकल चालवणारा माणूस कसा चालवतो ते आठवा, तुम्हीही तसेच चालवता. खड्डा दिसला की टुणकन बाजूला होतो. पाणी प्यायला हात खाली जातो तेव्हा सायकल जराशी हलते. कंटाळा आला की पॅडल मारणं थांबवतो, पाठ ताणायला सीटवरून उठतो, कडेला बघून थुंकतो, नाक शिंकरतो, कुत्रं आडवं आलं की ब्रेक दाबतो. यातलं काहीही करताना त्याला कोणाला विचारायचं नसतं कारण मागे कोणी नाही असं तो धरून चालतो. मागे कोणी आहे हे कळलं की यातली प्रत्येक गोष्ट बदलते. खड्डा आला तर हाताने दाखवावा लागतो, ब्रेक सावकाश लावावा लागतो, थांबायच्या आधी हात मागे करून सांगावं लागतं, थुंकायच्या आधी मागे बघावं लागतं. हे काम आहे. ग्रुप राइडमध्ये ते काम आपण आपणहून घेतो, आणि आपली पाळी संपली की दुसरा घेतो. तुम्ही ते तिच्यावर न विचारता टाकलंत, आणि तिला जर आधी पत्ताच नसेल तर त्याहून वाईट, कारण मग ते काम कोणीच करत नव्हतं आणि तुम्ही दोघंही तसेच चालला होतात.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावीच लागेल. अकरा वर्षं झाली. मीही अशीच दमलेली, वारा असाच, आणि पुढे एक गृहस्थ, माझ्यापेक्षा वयाने मोठे, निळा जर्सी, अगदी सरळ रेषेत चालवणारे. मी गुपचूप त्यांच्या मागे शिरले. मला वाटलं मी हुशार आहे, मला ड्राफ्टिंग येतं, माझं मी सांभाळीन. त्यांच्या मागच्या टायरवर एक लाल रेघ होती, मी त्या रेघेकडे बघत होते, मधलं अंतर वीतभर असेल. पुढे छोटासा चढ आला, चढ म्हणण्याइतकाही नाही, आणि ते सीटवरून उठले. सीटवरून उठताना पायाचा जोर क्षणभर तुटतो आणि सायकल खालून मागे येते, मागच्याला वाटतं की चाक आपल्याकडे उडीच मारतंय, हे मला माहीत होतं, माहीत असून काही उपयोग झाला नाही कारण वीतभर अंतरात माहितीला वेळच मिळत नाही. माझं पुढचं चाक त्या लाल रेघेला घासलं, रबरावर रबर घासल्याचा झर्रकन आवाज आला, आणि पुढचं मला आठवतं ते थेट डांबर. कॉलरबोन मोडलं.

पण मी तुम्हाला हाड मोडल्याचं सांगायला हे लिहीत नाहीये. ते गृहस्थ पुढे गेले होते, त्यांची सायकल फक्त जराशी थरथरली, मग आवाजाने ते थांबले, परत आले, आणि माझ्याजवळ गुडघ्यावर बसून एकच विचारत राहिले, "मी काय केलं? मी ब्रेक मारला का? मला खरंच माहीत नव्हतं मागे कोणी आहे." त्यांचे हात थरथर कापत होते. त्या माणसाने काहीही केलं नव्हतं. सीटवरून उठला होता, बस. आणि तरी तो तिथे माझ्यासमोर अपराध्यासारखा बसला होता, कारण मी त्याला न सांगता माझ्या धोक्यात भागीदार करून घेतलं होतं. माझं हाड दोन महिन्यांत जुळलं. त्यांचा तो चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

पडतो तो मागचाच, हे नवीन लोकांना माहीत नसतं म्हणून थोडं सांगते. सायकल तोल सांभाळते ती पुढचं चाक सतत डावी-उजवीकडे किंचित वळवून, आपल्याला कळतही नाही इतकं किंचित, पडायला लागलो त्या बाजूला चाक वळतं आणि सायकल परत उभी राहते. तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला बाजूने टेकलं की त्या बाजूला वळण्याची जागाच संपते, तोल सावरायचा रस्ता बंद, आणि माणूस क्षणात आडवा होतो. पुढच्याचं हँडल मोकळंच असतं म्हणून तो बहुतेक वेळा वाचतो. पण प्रत्येक वेळी वाचेलच असं नाही, आणि तुम्ही आडवे झालात की तुमच्या मागून येणाऱ्या गाडीचं काय, हा तर प्रश्न मी इथे उघडतच नाही.

आता दुसरी बाजू, जी तुमच्या मित्रांच्या लक्षात आली नाही आणि तुमच्याही आली नसावी. ती बाई एकटी होती. सहा-सात किलोमीटर म्हणजे पंधरा-सोळा मिनिटं. पंधरा मिनिटं एक अनोळखी पुरुष तिच्या मागे दोन-तीन हातांवर आहे आणि एक शब्द बोलत नाहीये, हे तिच्या जागेवरून कसं ऐकू येतं माहितीये? आधी काहीच नाही. मग तिने पॅडल थांबवलं की तिच्या फ्रीव्हीलचा, म्हणजे मागच्या चाकातल्या दातेरी चक्राचा आवाज येतो, टकटकटक, आणि तो बंद झाल्यावर अजून एक टकटकटक ऐकू येतो जो तिचा नाहीये. मग श्वास. मग ऊन पाठीमागून असेल तर रस्त्यावर स्वतःच्या सावलीच्या शेजारी अजून एका हेल्मेटची सावली. ती स्पीड वाढवते, सावली येते. ती कमी करते, सावली जात नाही. त्या वेळी ती "अरे वा, कोणीतरी ड्राफ्ट घेतंय" असा विचार करत नसते, ती पुढे वस्ती किती लांब आहे याचा हिशोब करत असते. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं हे तुम्हाला माहीत होतं, पण तिला कळायला काही मार्गच नव्हता, आणि तो मार्ग उघडायला एक वाक्य पुरलं असतं. मी हे सगळं स्वतः अनुभवलंय, एकदा नाही, बऱ्याच वेळा, म्हणून इतकं बारीक सांगू शकते. तुमच्या पत्रातला "डिस्टर्ब नको म्हणून बोललो नाही" हा भाग मला सगळ्यात जास्त लागला, कारण तुम्ही जे सौजन्य म्हणून केलंत त्यानेच ती सगळ्यात जास्त अस्वस्थ झाली असणार. ती कडेला थांबली ना, ते चिडून नव्हे, तुम्ही पुढे निघून जावं म्हणून थांबली असेल.

तर बोलायचं काय. साधं बोलायचं. "नमस्कार, वारा फार आहे, थोडा वेळ तुमच्या मागे राहिलो तर चालेल का?" एवढंच. त्यात अजून "त्या पुलापर्यंतच" किंवा "पाचेक मिनिटं" असं जोडलं तर फारच छान, कारण हे कधी संपणार हे समोरच्याला कळलं की हो म्हणणं सोपं जातं. हे पहिल्या काही सेकंदांतच बोलायचं, दोन किलोमीटर चिकटून झाल्यावर बोललात तर ते विचारणं राहत नाही. आणि बोलायचं शेजारून, मागून कोणी नाही हे बघून, जरा लांबून समांतर येऊन. एकदम पाठीमागून ओरडलं की माणूस दचकून मान वळवतो, आणि मान वळली की सायकलही त्या बाजूला सरकते. शेजारी येण्याइतकी ताकद नसेल, आणि अशा वाऱ्यात ती बऱ्याचदा नसतेच, तर चार-पाच सायकली अंतर ठेवून तिथूनच मोठ्याने "नमस्कार, मी मागे आहे" म्हणा, म्हणजे किमान तिला माहीत तरी असेल, पुढचं मग ती हळू झाली तर विचारा.

उत्तर स्पष्ट "हो" किंवा "या की" असेल तरच होकार. नुसता खांदा उडवला, "हं" केलं, कानात इअरफोन आहेत म्हणून ऐकूच गेलं नाही, तर तो नकार समजायचा आणि मनाला लावून घ्यायचं नाही. नकाराला कारण विचारायचं नसतं. काही लोकांना मागे कोणी चालतच नाही, काहींची आज ठरवलेली ट्रेनिंग असते, काहींना दिवसातला तो एकच तास एकटं राहायला मिळतो, आणि तो तास त्यांचा आहे. आणि तोंडाने न बोलताही लोक उत्तर देतात, दोनदा मागे वळून बघणं, उगाच स्पीड वाढवणं, उगाच कमी करणं, कडेकडेला सरकणं, ही सगळी उत्तरंच आहेत, ती वाचायला शिका. अंधारात, सुनसान रस्त्यावर, आणि समोर एकटी बाई किंवा शाळेतलं पोर असेल तर मी म्हणेन विचारूही नका, कारण तिथे नाही म्हणणंच अवघड असतं, एक तर नीट ओव्हरटेक करून पुढे जा नाहीतर मागे रहा.

मागे राहा म्हणजे किती मागे, तर परवानगी नसेल तेव्हा दोन सेकंद धरा. पुढची सायकल एखाद्या झाडापाशी गेली की मनात सावकाश दोन आकडे मोजायचे आणि मग आपण त्या झाडापाशी पोचलो पाहिजे. २५ च्या स्पीडला आपण सेकंदाला जवळजवळ सात मीटर जातो, म्हणजे हे चौदा मीटर झाले, ३० ला सतरा. हे फार वाटतं, पण समोरचा थांबला हे डोळ्याने बघून, मेंदूत शिरून, बोटं ब्रेकवर आवळेपर्यंतच त्यातला सेकंदभर जातो, आणि सायकल थांबायला लागते ती त्यानंतर. आणि हा काही फक्त रीतिभातीचा मामला नाही हो. रस्ता वाहतुकीबद्दलचा १९६८ चा व्हिएन्ना करार आहे, बऱ्याच देशांचे नियम त्यावर बेतलेत, त्यात स्पष्ट आहे की मागून चालणाऱ्याने इतकं अंतर ठेवायचं की पुढचा अचानक हळू झाला किंवा थांबला तरी टक्कर होणार नाही, आणि त्या करारात चालक म्हणजे सायकल चालवणाराही येतो. "रस्ता सगळ्यांचा आहे" हे मित्रांचं वाक्य बरोबरच आहे, पण मागच्या माणसावरची ही जबाबदारी त्याच रस्त्याची आहे.

परवानगी मिळाली तर? तरी निदान एका सायकलीचं अंतर ठेवा, पावणेदोन मीटर. रेसमधले लोक वीतभर अंतराने चालतात ते बघून तसं करू नका, ते एकमेकांना ओळखतात, वर्षानुवर्षं तेच करतात, आणि त्यांच्यासाठी रस्ता बंद केलेला असतो, तरीही पडतात. मागे सरकलं की ड्राफ्ट एकदम नाहीसा होत नाही, हळूहळू कमी होत जातो, एका सायकलीच्या अंतरावरही वारा चांगलाच अडतो, तेवढ्यावर समाधान मानायचं. पुढच्याच्या चाकाकडे टक लावून बघायचं नाही, मी ती लाल रेघ बघत बसले होते तसं तर अजिबात नाही. नजर त्याच्या खांद्यावर, कमरेवर, आणि खांद्यावरून पलीकडे रस्त्यावर. कमर सीटवरून सुटताना दिसते, कोपर ढिलं पडताना दिसतं, फ्रीव्हील वाजायला लागलं की त्याने पॅडल थांबवलंय हे डोळ्याआधी कानाला कळतं. बोटं कायम ब्रेकवर. एरो बारवर, म्हणजे हँडलच्या पुढे कोपरं टेकायच्या दांड्यांवर, झोपून कोणाच्याही मागे राहू नका, तिथून ब्रेकपर्यंत हात पोचायला जो वेळ लागतो तो तुमच्याकडे नसतो. जवळ यायला लागलात तर ब्रेक दचकन मारण्याऐवजी जरा सरळ बसा, छातीवर वारा घ्या, आपोआप मागे पडता. आणि तुमचं पुढचं चाक त्यांच्या मागच्या चाकाच्या शेजारी, म्हणजे एकावर एक आल्यासारखं, कधीच नको, क्षणभरही नको, तो बाजूला सरकला की संपलं.

पुढे येऊन आपली पाळी घेऊ का असं बऱ्याच जणांना वाटतं, भावना चांगली आहे, पण तेही विचारून. "आता मी येऊ का पुढे थोडा वेळ?" काही जणांना नकोच असतं, त्यांना त्यांचा रिदम हवा असतो. आणि हो म्हणाले तर पुढे आल्यावर स्पीड तोच ठेवा जो होता, हे मी हात जोडून सांगते, कारण बहुतेक सगळे इथेच चुकतात, पुढे आलो की अंगात येतं, तीन-चारने स्पीड वाढतो आणि ज्याने आपल्याला दहा मिनिटं वाऱ्यापासून वाचवलं तोच मागे धापा टाकत राहतो. आता खड्डे तुम्ही दाखवायचे. आणि निघताना "मी इथून वळतो, थँक यू" म्हणून जायचं, न सांगता गायब झालात तर तो माणूस पुढचे पाच मिनिटं तुमच्यासाठी हात करून खड्डे दाखवत बसतो.

तुम्ही म्हणाल की मग सगळेच न विचारता करतात ते कसं. मला वाटतं गोंधळ होतो तो वेगवेगळ्या जगांचे नियम एकाच रस्त्यावर आल्यामुळे. ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पूर्ण करायच्या राइडच्या जगात, पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिससारख्या १२०० किलोमीटर आणि जास्तीत जास्त ९० तासांच्या राइडमध्ये अनोळखी लोक रात्ररात्र एकमेकांच्या मागे चालतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, कारण सगळे एकाच ठिकाणी निघालेत आणि सगळ्यांच्या सायकलीला नंबर लावलेला आहे. एकेकट्याने घड्याळाशी स्पर्धा करायच्या टाइम ट्रायलमध्ये मात्र ड्राफ्टिंग चालतच नाही, आणि लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये हौशी स्पर्धकांना पुढच्याच्या मागे १२ मीटर ठेवावे लागतात, आत राहिलं तर पेनल्टी. त्यामुळे समोर जो दिसतोय तो यातल्या कोणत्या जगातून आलाय हे त्याच्या जर्सीवरून सांगता येत नाही, किंवा तो नुसता कामावर निघालाय आणि त्याला ड्राफ्टिंग हा शब्दही माहीत नाही. मोठा ग्रुप दिसला तरी हेच, शेवटच्या माणसाला विचारायचं, हो म्हणाले तर शेवटीच राहायचं, मध्ये घुसायचं नाही, त्यांच्या खुणा तुम्हाला माहीत नाहीत आणि तुमचं चालवणं त्यांना माहीत नाही. आणि एक जाता जाता, ड्राफ्टची चटक लागली की लोक बस-ट्रकच्या मागे शिरायला लागतात, २०१८ मध्ये डेनिस म्युलर-कोरेनेक नावाच्या सायकलपटूने मिठाच्या मोकळ्या सपाट मैदानावर खास बनवलेल्या गाडीच्या मागे ताशी २९६ किलोमीटर गाठले, म्हणजे ही ताकद केवढी आहे बघा, पण तिथे ना खड्डा होता ना सिग्नल, आणि गाडी चालवणारीला मागे कोण आहे ते पक्कं माहीत होतं. रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला तुम्ही आरशात दिसतही नाही. कृपा करून नको.

आता तुमच्या मागे कोणी लागलं तर. बोला. आधी तुम्ही बोला, तो बोलायची वाट बघू नका, कारण तो कदाचित तुमच्यासारखाच संकोचून गप्प असेल. "नमस्कार, मागे आहात का? मला जरा एकट्याने चालवायचंय, पुढे जा तुम्ही" आणि हाताने वाट दाखवा. चालणार असेल तर "रहा, पण जरा अंतर ठेवा, मी खड्डे दाखवणार नाही" असंही सांगता येतं, तो तुमचा हक्क आहे. ऐकलं नाही तर सावकाश हळू व्हा, पॅडल थांबवून, ब्रेक न लावता, बहुतेक लोक कंटाळून पुढे जातात. तरीही नाही गेला तर जिथे माणसं आहेत अशा ठिकाणी थांबा. फक्त एक करू नका, धडा शिकवायला म्हणून अचानक ब्रेक मारू नका. मी लोकांना हे अभिमानाने सांगताना ऐकलंय आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा आलाय. तो माणूस कितीही चिकट असला तरी त्याचं डोकं डांबरावर आपटायला आपण कारण होऊ नये.

राहता राहिली ती. परत दिसेल तेव्हा, आणि ती समोरून येत असेल तर काहीच करू नका, मान हलवा आणि जा, रस्ता ओलांडून तिला गाठायला जाऊ नका. कुठे चारचौघांत थांबलेली दिसली तर लांबूनच, सायकलवरून न उतरता, "त्या रविवारी मी न बोलता तुमच्या मागे होतो, चुकलं माझं, सॉरी" एवढं म्हणा. वारा होता, पाय गेले होते, मनात काही नव्हतं, हे काही सांगत बसू नका, ती विचारेल तर सांगा. ती काही बोलली नाही तरी चालेल. आणि रस्त्यात ती तुम्हाला पुन्हा ओव्हरटेक करून गेली, तर तोंडाने नमस्कार म्हणा, पॅडल थांबवा, आणि ती वळणाआड जाईपर्यंत सावकाश चालवा, वारा कितीही असला तरी.

– ताई